जुने स्थलनिर्देशक नकाशे आणि आपली गावे : चांदा-गडचिरोलीच्या वनप्रदेशाचा एक अभ्यास

वनहक्काच्या दाव्याची फाईल ज्यांनी एकदा तरी हाताळली आहे, त्यांना पुराव्याचा प्रश्न किती अवघड असतो हे वेगळे सांगावयास नको. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, 2006 याखालील नियमांमध्ये कोणकोणते पुरावे ग्राह्य धरता येतील याची यादी दिलेली आहे. गॅझेटिअर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, वन विभागाच्या कार्य आयोजना यांच्याबरोबरच त्या यादीत ‘नकाशे’ हा शब्द स्पष्टपणे येतो. असे असूनही आपल्या भागातील बहुसंख्य दाव्यांना जुना स्थलनिर्देशक नकाशा जोडलेला आढळत नाही. तो कोठे मिळतो, कसा वाचावा आणि त्यातून नेमके काय सिद्ध होते, याची माहिती गावापर्यंत पोहोचलेली नाही, हे त्याचे प्रमुख कारण होय. शालेय भूगोलात आपण हे नकाशे शिकलो; परंतु ते परीक्षेपुरते. प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात त्यांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

हा विषय आपल्याशी का निगडित आहे

कायद्याने वननिवासींचे दोन वर्ग मानले आहेत. अनुसूचित जमातीच्या दावेदारास 13 डिसेंबर 2005 पूर्वीचे वनातील वास्तव्य दाखवावे लागते. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या वर्गातील दावेदारास मात्र त्या तारखेपूर्वी किमान तीन पिढ्यांचे वास्तव्य दाखवावे लागते. एक पिढी म्हणजे 25 वर्षे, असा कायद्याचा अर्थ आहे. म्हणजेच 75 वर्षे मागे, 13 डिसेंबर 1930 पर्यंत जावे लागते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी बौद्ध कुटुंबे, तसेच ढीवर, कोहळी, कुणबी, तेली आदी समाजांतील कुटुंबे या दुसऱ्या वर्गात मोडतात. 1930 पूर्वी आपले गाव त्या ठिकाणी होते, हे दाखविणारा कागद त्यांना हवा असतो. जुन्या स्थलनिर्देशक नकाशाचे महत्त्व येथे सुरू होते.

सामूहिक वनहक्काच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) आणि शेजारचे मर्दा या गावांना 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. देशातील अशा पहिल्या गावांत त्यांची गणना होते. मेंढ्याच्या ग्रामसभेस मिळालेले क्षेत्र सुमारे 1,800 हेक्टर आहे. इतक्या मोठ्या क्षेत्राच्या चतुःसीमा सांगताना नाले, डोंगरधारा, तलाव, पायवाटा यांचा उल्लेख करावाच लागतो, आणि या खुणा ज्या कागदावर एकत्र सापडतात तो कागद म्हणजे स्थलनिर्देशक नकाशा.

मोजणीचा इतिहास

भारतीय सर्वेक्षण विभागाची (सर्व्हे ऑफ इंडिया) स्थापना 1767 मध्ये झाली. प्रारंभीचे नकाशे मुख्यतः फौजांच्या वाटचालीच्या मार्गांवर आधारलेले होते. मार्गाच्या दोन्ही बाजूंस जेवढे दिसले तेवढे कागदावर आले. पलीकडचे जंगल कोरेच राहिले. शास्त्रशुद्ध मोजणीचा पाया 1802 मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी घातला. प्रथम जमिनीवर एक आधाररेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यावयाचे. एक बाजू व दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने काढावयाच्या. आणि त्या नव्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभारावयाचा, ही ती पद्धत. कोन मोजण्याच्या त्यांच्या मोठ्या थिओडोलाइट यंत्राचे वजन सुमारे अर्धा टन होते. असे त्रिकोणांचे जाळे विणत ही मोजणी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेली.

या इतिहासाचा आपल्या परिसराशी निकटचा संबंध आहे. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना 20 जानेवारी 1823 रोजी लॅम्बटन यांचे हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांची कबर तेथेच आहे. चंद्रपूर-नागपूर प्रवासात ज्या हिंगणघाटावरून आपण अनेकदा गेलो आहोत, तेथे भारताच्या मोजणीचा पाया घालणारा मनुष्य विसावला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांच्यानंतर हे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आले. 1819 मध्ये कृष्णा व गोदावरी यांच्या दरम्यानच्या जंगलात मोजणी करताना ते व त्यांचे पथक तापाने इतके ग्रासले गेले की, प्रकृती सुधारण्यासाठी त्यांना केप ऑफ गुड होप येथे जावे लागले. त्या जंगलांचाच उत्तरेकडील विस्तार म्हणजे आपला सिरोंचा-अहेरीचा प्रदेश. येथील मोजणी पावसाळा संपल्यावर सुरू होई आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी थांबे, याचे कारण यावरून ध्यानात येईल.

मोजणीच्या इतिहासात साहेबांची नावे राहिली. हिमालयाच्या सर्वोच्च शिखराची उंची काढणाऱ्या गणनेत राधानाथ सिकदार यांचा वाटा मोठा होता, हेही आज सर्वमान्य आहे. परंतु टेकडीवर यंत्र चढविणारे, नजर आरपार जावी म्हणून झाडी तोडणारे, साखळी ओढणारे खलाशी आणि वाट दाखविणारे गावकरी यांची नावे पत्रिकेवर नाहीत. नकाशातील प्रत्येक नाल्याचे व टेकडीचे नाव मात्र अशाच कोणा वाटाड्याच्या तोंडून आलेले आहे. जुना नकाशा हा त्या अर्थी आपल्या पूर्वजांच्या सांगण्याचाही लेख आहे.

नागपूरचे भोसले राज्य 1854 मध्ये कंपनी सरकारने खालसा केले. 1858 मध्ये बाबूराव शेडमाके यांना चांद्यात फाशी देण्यात आली. 1861 मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला, आणि चांदा जिल्ह्याच्या पहिल्या बंदोबस्ताचा लुसी-स्मिथ यांचा अहवाल 1869 चा आहे. महसूल, साग, कोळसा आणि जंगलातील वाटा या चारही गोष्टींसाठी राज्यकर्त्यांना या मुलुखाचा नकाशा हवा होता. नकाशा लोकांच्या सोयीसाठी काढला गेला नव्हता, हे विसरता येत नाही. तरीही ज्याने तो वाचावयास शिकले, त्याच्या उपयोगास तो येतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी जुने नकाशे कालबाह्य झाल्याचे सरकारी समितीला आढळले, आणि 1905 नंतर एक इंच बरोबर एक मैल या प्रमाणाच्या रंगीत पत्रिकांची नवी मालिका सुरू झाली. एका मैलात 63,360 इंच असतात; म्हणून हे प्रमाण 1:63,360 असे लिहितात. स्वातंत्र्यानंतर दशमान पद्धती आली आणि त्याच पत्रिका 1:50,000 या प्रमाणावर नव्याने तयार झाल्या. त्यांवरील 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील 1 किलोमीटर.

पत्रिकेचा क्रमांक कसा शोधावा

जुन्या क्रमांकपद्धतीत भारत व शेजारील प्रदेश चार अंश लांब व चार अंश रुंद अशा चौकटींत विभागलेला आहे. प्रत्येक चौकटीस एक अंक आहे. त्या चौकटीचे एक-एक अंशाचे सोळा भाग पडतात. त्यांना इंग्रजी ए ते पी अक्षरे दिलेली आहेत. या भागाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग होतात व त्यांना 1 ते 16 हे क्रमांक मिळतात. क्रम डावीकडील वरच्या कोपऱ्यापासून सुरू होतो, खाली उतरतो आणि मग पुढच्या उभ्या रांगेच्या वरच्या टोकास जातो.

आपल्या दोन जिल्ह्यांची एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. 20 अंश उत्तर अक्षवृत्त आणि 80 अंश पूर्व रेखावृत्त ही दोन्ही या चौकटींच्या कडा आहेत, आणि त्यांचा छेदबिंदू गडचिरोली शहराच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, चामोर्शीच्या बाजूस पडतो. त्यामुळे 55, 56, 64 आणि 65 या चारही मोठ्या चौकटी आपल्या भागात एकमेकींना मिळतात. खुद्द गडचिरोली शहर 80 अंश रेखावृत्ताला लागूनच आहे. म्हणून शहराचा परिसर पाहावयाचा तर 55 पी आणि 64 डी या दोन्ही भागांतील पत्रिका शेजारी शेजारी मांडाव्या लागतात. काही उदाहरणे पुढीलप्रमाणे :

– चंद्रपूर शहर : 56 एम/5
– ताडोबाचे जंगल : 55 पी मधील पत्रिका
– धानोऱ्याकडील प्रदेश : 64 डी मधील पत्रिका
– भामरागड : 65 ए/11
– सिरोंचा : 56 एन/13

आपल्या अक्षांशावर पंधरा मिनिटांची एक पत्रिका सुमारे 720 चौरस किलोमीटर भूभाग दाखविते. 14,412 चौरस किलोमीटर क्षेत्राच्या एकट्या गडचिरोली जिल्ह्यास त्यामुळे वीसहून अधिक पत्रिका लागतात. गाव पत्रिकेच्या कडेला असेल तर त्याचे शिवार दोन, क्वचित चार पत्रिकांवर विभागलेले असते. अशा वेळी एकच पत्रिका पाहून ‘आपला तलाव नकाशात नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

पत्रिकेवर काय दिसते

रंगीत पत्रिकेवर तपकिरी रेषा उंची दाखवितात. त्यांना आपण समोच्च रेषा म्हणतो. रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र, दूर गेल्या की जमीन सपाट. भामरागड, सुरजागड, टिपागड या डोंगरांचा भाग आणि वैनगंगेकाठचा धानाचा पट्टा या रेषांच्या दाटीवरूनच वेगळे ओळखता येतात. हिरवा रंग वनस्पतींचा, पिवळा लागवडीचा, लाल रंग रस्ते व वस्त्यांचा. निळा रंग पाण्याचा खरा. परंतु वर्षाचा बहुतेक काळ कोरडे राहणारे नाले काळ्या रेषेने दाखविलेले असतात. नाल्याच्या काळ्या रेषेत निळा पट्टा दिसला तर मोजणीच्या हंगामात तेथे पाणी होते असे समजावे.

झाडीपट्टीतील वाचकांनी तलावांकडे विशेष लक्ष द्यावे. गोंड राजवटीपासून या मुलुखात कोहळी व इतर शेतकऱ्यांनी बांधलेले हजारो तलाव आणि बोड्या आहेत. पुढे मालगुजारी पद्धतीत ते मालगुजारांच्या नावावर आले व 1951 मध्ये ती पद्धत संपल्यावर ‘माजी मालगुजारी तलाव’, म्हणजेच ‘मामा तलाव’, म्हणून ओळखले जाऊ लागले. पत्रिकेवर तलावाची पाळ काळ्या जाड रेषेने आणि पाणी निळ्या रंगाने दाखवितात. पाळीजवळ एखादा अंक व त्यापुढे इंग्रजी ‘आर’ हे अक्षर दिसते. तो पाळीची आजूबाजूच्या जमिनीपासूनची उंची सांगतो. जुन्या पत्रिकेत ती फुटांत, नव्यात मीटरमध्ये असते. आज बुजलेला किंवा अतिक्रमणाखाली गेलेला तलाव पूर्वी किती पसरलेला होता, हे पाहण्याचे यासारखे दुसरे सोपे साधन नाही.

याशिवाय विहिरी, देवळे, डाकबंगले, वनविश्रामगृहे, बैलगाडीच्या वाटा, पायवाटा, राखीव वनांच्या सीमा आणि ओसाड गावे यांच्यासाठी स्वतंत्र चिन्हे आहेत. आपल्याकडे ज्यास रीठ किंवा रिठी गाव म्हणतात, ते बहुधा अशा ओसाड गावाच्या चिन्हाने किंवा नुसत्या नावाने दाखविलेले आढळते. रोगाच्या साथीने, पाणी आटल्याने, वाघाच्या भीतीने किंवा जमीनदाराच्या जाचाने गाव उठून गेल्याच्या हकिगती वडीलधाऱ्यांकडून ऐकावयास मिळतात. पत्रिका कारण सांगत नाही. गाव तेथे होते, एवढे मात्र सांगते.

सर्वेक्षणाचे वर्ष आणि छपाईचे वर्ष

नकाशा पुरावा म्हणून वापरणाऱ्याने ही एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. पत्रिकेच्या समासात एकाहून अधिक वर्षे छापलेली असतात. एक वर्ष प्रत्यक्ष सर्वेक्षणाचे, एक प्रकाशनाचे आणि काही वेळा एक पुनर्मुद्रणाचे. या तीन वर्षांत वीस-पंचवीस वर्षांचे अंतर असू शकते. समजा, एखाद्या पत्रिकेवर छपाईचे वर्ष 1945 आहे आणि सर्वेक्षणाचे वर्ष 1920 आहे. अशी पत्रिका 1945 ची समजून बाजूला ठेवली, तर 1930 पूर्वीचा पुरावा आपण आपल्या हातांनी गमावला असे होईल. याउलट, पुनर्मुद्रण करताना केवळ रस्ते किंवा रेल्वेमार्ग नव्याने भरले आणि बाकी तपशील जुनाच ठेवला, असेही घडते. खालच्या समासात अनेकदा एक छोटी आकृती असते. पत्रिकेचा कोणता भाग कोणत्या वर्षीच्या मोजणीवर आधारलेला आहे, हे तीत दाखविलेले असते. गावाचे चिन्ह शोधण्यापूर्वी समास वाचावा, असा नियमच प्रत्येकाने करून घ्यावा.

नावांचा गुंता

दुसरी अडचण नावांची. आपल्या प्रदेशात मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू आणि छत्तीसगढी या भाषा एकमेकींत मिसळल्या आहेत. वाटाड्याने माडियात नाव सांगावे, मुनशीने ते हिंदी किंवा उर्दू वळणाने लिहावे आणि साहेबाने इंग्रजीत उतरवावे, असा त्या नावाचा प्रवास. ‘गड’ या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग जुन्या पत्रिकांत ‘गर्‍ह’ असे वाचले जाते. त्यामुळे गडचिरोली व वैरागड ही नावे अनोळखी वाटतात. चंद्रपूर तर 1964 च्या सुमारास नाव बदलेपर्यंत ‘चांदा’च होते.

येथे स्थानिक भाषेचे ज्ञान उपयोगी पडते. गोंडीत ‘नार’ म्हणजे गाव, ‘मेट्टा’ म्हणजे डोंगर, ‘एर’ म्हणजे पाणी. सिरोंच्याकडे ‘पल्ली’ व ‘पेठा’ ही अंत्यपदे येतात. मूल, सावली, ब्रह्मपुरीकडे ‘चक’, ‘माल’, ‘तुकूम’, ‘टोला’ हे शब्द एकाच नावाची दोन-तीन गावे वेगळी करतात. जुन्या पत्रिकेतील नाव आणि आजच्या सात-बाऱ्यावरील नाव एकाच गावाचे आहे, हे दाव्यात सांगावे लागते. त्यासाठी दोन्ही नावांचा मेळ घालणारा ग्रामसभेचा ठराव आणि वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन जोडणे हितावह आहे. दावेदाराव्यतिरिक्त अन्य ज्येष्ठांचे लेखी कथन हाही नियमांनी मानलेला पुरावा आहे, तसेच विहिरी, दफनभूमी, श्रद्धास्थाने यांसारख्या जुन्या खुणाही.

नकाशा काय सांगत नाही

पत्रिकेवर एक इंचात एक मैल मावतो. इतक्या लहान आकारात गावाचे घर-घर दिसणे शक्य नाही. गावकुसाबाहेरची वस्ती, जिला पूर्वी महारवाडा म्हणत व आज आपण बौद्ध वस्ती म्हणतो, ती येथे स्वतंत्र नावाने सापडत नाही. कोणाचे शेत कोणते, कोणते कुटुंब केव्हा आले, हे पत्रिका सांगत नाही. ती मालकीचा दस्तऐवज नाही. गावाचे अस्तित्व, त्याची जागा आणि आसपासच्या खुणा एवढ्यापुरतीच तिची साक्ष आहे.

त्याचप्रमाणे, पत्रिकेत गाव नाही म्हणजे गाव नव्हतेच, असे मानणे चुकीचे ठरेल. भामरागड-एटापल्लीच्या डोंगरांत माडिया लोक पेंदा पद्धतीची फिरती शेती करीत. जमिनीला विश्रांती देण्यासाठी वस्ती काही वर्षांनी जवळपास सरके. अशा गावाची जागा दोन वेगवेगळ्या वर्षांच्या पत्रिकांवर वेगळी दिसू शकते. लोक तेच आणि जंगलही तेच असते. दहा-बारा झोपड्यांचा टोला मोजणीदाराच्या नजरेतून सुटलेला असणेही शक्य आहे. कोणी अधिकारी केवळ नकाशात नाव नाही म्हणून दावा फेटाळू पाहत असेल, तर ही गोष्ट शांतपणे समजावून सांगता आली पाहिजे.

म्हणून पत्रिकेला इतर दप्तरांची जोड द्यावी. गावाची शेते व रस्ते पाहण्यासाठी सोळा इंच बरोबर एक मैल या मोठ्या प्रमाणाचा जुना गाव नकाशा उपयुक्त आहे. त्यावर पांदण, आबादी, तलाव आणि गट ठळक दिसतात. कुटुंबाचे वास्तव्य दाखविण्यासाठी मिसल बंदोबस्त, अधिकार अभिलेख, कोतवाल पंजी आणि जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहावे. लाकूड, गवत, चराई, वहिवाट यांच्या हक्कांसाठी निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज पाहावेत. पत्रिका ‘कोठे’ हे सांगते, पंजी ‘कोण’ हे सांगते आणि निस्तार पत्रक ‘कोणता हक्क’ हे सांगते. तिन्ही एकत्र आले की दावा भक्कम होतो. ग्रामसभेने एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत, अशीच नियमांची अपेक्षा आहे.

बदलत्या सीमा आणि दप्तरांचा शोध

जुने दप्तर शोधताना आपला तालुका त्या काळी कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या प्रांतात होता, हे आधी ठरवावे लागते. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी निर्माण झाला. तत्पूर्वीचे सारे कागद चांदा जिल्ह्याच्या नावाचे आहेत. गडचिरोली तहसीलही ब्रह्मपुरी व चांदा तहसिलींतील जमीनदाऱ्यांचा प्रदेश एकत्र करून 1905 मध्ये नव्याने करण्यात आली. सिरोंचा हे 1874 पर्यंत अप्पर गोदावरी या वेगळ्या जिल्ह्याचे ठिकाण होते. तो जिल्हा मोडल्यावर हा प्रदेश चांद्यास जोडला गेला, आणि 1907 मध्ये त्याचा दक्षिणेकडील चेरला, आल्बाका व नुगूर हा भाग मद्रास प्रांतात गेला. 1956 मध्ये चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला.

राजुरा, कोरपना, जिवती या भागांची कथा निराळी आहे. हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता व 1959 मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला. तेथील जुने महसुली कागद नागपूरकडे शोधणारा मनुष्य रिकाम्या हाताने परततो. माणिकगडच्या पठारावरील, जिवती तालुक्यातील चौदा गावांवर महाराष्ट्र व तेलंगण अशा दोन्ही राज्यांनी हक्क सांगितल्याचे आपण वर्षानुवर्षे ऐकत आहोत. दोन राज्यांची शिधापत्रिका बाळगणारी कुटुंबे तेथे आहेत. सीमेची एक रेषा कागदावर संदिग्ध राहिली की माणसांना काय सोसावे लागते, याचे हे जवळचे उदाहरण होय.

बदललेली भूमी

एकाच जागेच्या दोन काळांतील पत्रिका शेजारी ठेवल्या की प्रदेशाचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो. जुन्या पत्रिकेत चांदा शहर गोंडराजांच्या परकोटात बसलेले दिसते. नव्यात ते परकोट ओलांडून दूरवर गेले आहे. दुर्गापूर-पद्मापूर परिसरातील उघड्या कोळसा खाणींनी खोल खड्डे व मातीचे उंच ढिगारे निर्माण केले; तेथे जुन्या समोच्च रेषा आता लागू पडत नाहीत. इरई धरणाच्या जलाशयाने नदीकाठच्या वाटा गिळल्या. ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारी अभयारण्य 1986 मध्ये आणि व्याघ्र प्रकल्प 1995 मध्ये. जुन्या पत्रिकांत त्या जंगलात असलेली बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे 2007 नंतरच्या काळात पुनर्वसित झाली. उद्या त्यांच्या मुलांनी ‘आमचे मूळ गाव कोठे होते’ असे विचारले, तर बोट ठेवून दाखविता येईल असा कागद म्हणजे ही पत्रिका. सुरजागडचा डोंगरही आज लोहखाणीमुळे बदलत आहे. त्याच्या पूर्वीच्या आकाराची नोंद जुन्या समोच्च रेषांतच उरणार आहे.

पत्रिका कोठे मिळतील

एके काळी पत्रिका मिळविणे सामान्य माणसास कठीण होते. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने जनतेसाठी खुली मालिका सुरू झाली. तिचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे आहेत : 20 अंश अक्षवृत्ताच्या दक्षिणेकडील पत्रिका ‘ई 44’ने व उत्तरेकडील ‘एफ 44’ने सुरू होतात. 2017 मध्ये सर्वेक्षण विभागाने या पत्रिका संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली, आणि फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी भूस्थानिक माहितीवरील बरीच बंधने सैल झाली. जुन्या काळासाठी अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने 1950 च्या दशकात छापलेली ‘यू 502’ ही 1:250,000 प्रमाणाची मालिका उपयोगी आहे. ती सर्वेक्षण विभागाच्याच आधीच्या नकाशांवर आधारलेली असून टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने संगणकावर सर्वांना पाहण्यासाठी ठेवली आहे. मात्र दाव्यास जोडण्यासाठी शक्यतो सर्वेक्षण विभागाकडून किंवा शासकीय अभिलेखागारातून प्रमाणित प्रत घ्यावी.

आपण काय करू शकतो

या लेखाचा हेतू केवळ माहिती देण्याचा नाही. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज दोन्ही जिल्ह्यांतील शेकडो गावांत शिक्षक, ग्रामसेवक, वनरक्षक, वकील, शेतकरी म्हणून कार्यरत आहेत. प्रत्येकाने आपल्या गावापुरते पुढील काम हाती घेतले तरी मोठा ठेवा निर्माण होईल :

1. आपल्या गावाचा अक्षांश-रेखांश पाहून पत्रिकेचा जुना व नवा क्रमांक निश्चित करावा.
2. मिळतील तेवढ्या वर्षांच्या पत्रिका जमवून प्रत्येकीच्या समासातील सर्वेक्षणाचे वर्ष वेगळ्या वहीत लिहावे.
3. गावातील ज्येष्ठ स्त्री-पुरुषांसमोर पत्रिका मांडून नाले, टेकड्या, तलाव, रिठी गावे यांची त्यांच्या तोंडची नावे लिहून घ्यावीत. सरपण, मोह, तेंदू, हिरडा यांसाठी रान पालथे घालणाऱ्या स्त्रियांना पुरुषांहून अधिक वाटा ठाऊक असतात. त्यांना आवर्जून विचारावे.
4. पत्रिकेत नसलेल्या खुणा, विशेषतः आपल्या वस्तीची विहीर, स्मशानभूमी, जुनी पाळ, प्रत्यक्ष जाऊन पाहाव्यात व मोबाईलवरील स्थाननिर्देशासह नोंदवाव्यात.
5. ही वही, पत्रिकांच्या प्रती आणि निवेदने ग्रामसभेच्या दप्तरात व एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना हे काम दिवाळीच्या सुटीत सहज करता येईल. एक दोरा, एक मोजपट्टी आणि आजोबा-आजींचा एक दिवस एवढेच साहित्य त्यासाठी लागते. दोरा वाटेच्या वळणांवर ठेवून तो मोजपट्टीवर मोजला की दोन गावांमधील अंतर निघते. समोच्च रेषा ओलांडीत गेले की चढ कळतो. भूगोलाचा धडा असा शिकविला तर तो विसरला जात नाही.

घाई मात्र करावयास हवी. पत्रिका ग्रंथालयात टिकून राहील. तिच्यावरील नाव कोणत्या टेकडीचे, कोणत्या झऱ्याचे, हे ओळखणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. ऐंशी-नव्वदीतील ज्या व्यक्तीने आपल्या आजोबांकडून 1930 पूर्वीचे गाव ऐकले, तिचे निवेदन याच हंगामात लिहून घेतले पाहिजे. त्या निवेदनाशेजारी त्या काळाची पत्रिका ठेवली की कायद्याने मागितलेल्या तीन पिढ्या कागदावर उभ्या राहतात.